कोकराएवढा श्वास

टाळ्या वाजल्या तेव्हा प्रभाला वाटलं, दुसऱ्याच कुणासाठी असतील. तिचे डोळे मिटलेले होते, पाठ ताठ, पोट आत खेचलेलं. श्वास पूर्ण बाहेर सोडून ती बसून राहिली होती, आणि छातीत कसली घाई म्हणून नव्हती. मग ती ओळखीची कळ हळूच छातीच्या मधोमध उमटली, प्रभानं नाकानं हवा आत घेतली, आणि त्याबरोबर टाळ्या. डोळे उघडून बघते तर सतरंज्यांवरच्या साऱ्या बायका तिच्याकडेच वळलेल्या. शिवराज सर मोबाइल उंच धरून उभे. शाळेतून निवृत्त झालेले हे पीटीचे सर. होटगी रोडवरच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रोज सकाळी सहाला योगवर्ग घेतात, आणि शाळेची सवय काही सुटत नाही म्हणून प्रत्येकाची प्रगती वहीत टिपून ठेवतात. "बत्तीस सेकंद!" ते म्हणाले. "श्वास बाहेर सोडून बत्तीस! आणि गणपतीनंतर प्रभाताई पहिल्यांदा आल्या, तेव्हाचा आकडा बघा ह्या वहीत. अकरा! अकरावरून बत्तीस, आठ महिन्यांत. हिला म्हणतात साधना. नाहीतर आपण, जिना चढलो की धापा!" सगळे हसले. आता श्वास धरण्यात कसलं आलंय कौतुक! पण चोपन्न वर्षांच्या, घरी एकट्या राहणाऱ्या बाईसाठी टाळ्या वाजवायला कोण बसलंय? प्रभाला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. अगदी कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत बरं वाटलं. आणि मग ते 'अकरा' तिच्या डोक्यात अडकलं. शिवराज सर पुढच्या बाईकडे वळले, शवासनाच्या सूचना सुरू झाल्या, सगळ्या आडव्या झाल्या, आणि प्रभा तशीच बसून राहिली. अकरा हा आकडा तिला वहीतून कळायचं कारण नव्हतं. तो तिला तीस वर्षांपासून पाठ होता.

काशम्मा सिस्टरनं शिकवला होता तो. अक्कलकोटकडची बाई, अंगानं थोराड, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलायची, आणि विद्यार्थिनींच्या पाठीत धपाटा घालायला कमी करायची नाही. प्रभा तेव्हा चोवीस वर्षांची, मुलांच्या अतिदक्षता विभागात नवी नर्स. घशात नळी घातलेल्या, यंत्रावर श्वास घेणाऱ्या लेकराच्या छातीत कफ साठतो. त्याला खोकून काढता येत नाही, गिळता येत नाही. मग त्या नळीतून आणखी एक बारीक नळी आत सरकवायची आणि यंत्रानं कफ ओढून घ्यायचा. पण कफ ओढताना त्याच्याबरोबर हवाही ओढली जाते, आणि तेवढा वेळ लेकरू बिनश्वासाचं असतं. "किती वेळ ओढायचं, सिस्टर?" प्रभानं विचारलं होतं. काशम्मानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोटसुद्धा केलं नाही. "घड्याळ बघशील तर लेकराकडं कोण बघणार, यवा? नळी घालायच्या आधी तू तुझा श्वास सोड. सगळा सोड. आणि घेऊ नको. तुझ्या छातीत कळ आली की नळी बाहेर. त्याला तोंड न्हाई सांगायला, तुझी छाती त्याच्या वतीनं सांगती." पहिले काही महिने ती पाठीशी उभी राहायची आणि वेळ झाली की खांद्यावर बोट टोचायची. "साकू! साकू!" म्हणजे पुरे, पुरे. प्रभाची कळ आणि काशम्माचं साकू हळूहळू एकाच वेळी यायला लागलं. एकदा कुतूहल म्हणून तिनं मोजलं होतं. दहा, फार तर अकरा. त्यानंतर पुन्हा कधी मोजायची वेळ आली नाही. काशम्मा निवृत्त झाली, वारली. छाती होतीच की जवळ.

वर्ग संपला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "प्रभाताई, आज चहा तुमच्याकडून!" ती हसली, आणि ड्यूटी आहे म्हणून निघाली. ड्यूटी आठची, आत्ता सातही झाले नव्हते. रस्त्यावर वैशाखाचं ऊन आताच डोळ्यांत खुपायला लागलं होतं. घर चालत दहा मिनिटांवर, दोन खोल्या आणि गच्चीचा तुकडा. शेजारी दोन यंत्रमाग होते ते मागच्या वर्षी विकले गेले. तो खडखडाट होता तोवर घरात कुणी बोलत नाही हे जाणवत नसे. वडील गेले ते त्याच सुमाराला, पावसाळ्याच्या तोंडाशी. माढ्याच्या शाळेत गुरुजी होते, आणि शेवटची सहा वर्षं अंथरुणावर. लग्न का नाही केलं, हे विचारणारे लोक त्यांच्या आधीच संपले होते. त्या सहा वर्षांत प्रभाला वडिलांचा श्वास ऐकत झोपायची सवय जडली होती. घरघर कमी-जास्त झाली की झोपेतसुद्धा तिला कळायचं. ते गेले आणि ऐकायला दुसरा श्वास राहिला नाही, म्हणून ती स्वतःचाच ऐकायला लागली. मग योगवर्ग, मग घरी संध्याकाळचा सराव. ड्यूटीवरून आलं की भाकरी-शेंगाचटणी खायची, आणि वडिलांचं मनगटी घड्याळ मांडीवर ठेवून श्वास धरून बसायचं. बाई, दुसरं करणार तरी काय? टीव्हीवरची माणसं बोलतात पण आपल्याशी थोडीच बोलतात. श्वास धरला की मात्र आत सगळं शांत व्हायचं, आणि ती शांतता घरातल्या शांततेपेक्षा बरी असायची. दिवसागणिक ती थोडी थोडी लांबत गेली. आपण काहीतरी कमावतोय असं तिला बऱ्याच वर्षांनी वाटलं होतं.

स्वयंपाकघरात उभी राहून तिनं कपाटातून शीतपेयाची एक नळी शोधून काढली, भाचीचा मुलगा कधीतरी येऊन गेल्याची खूण. ओट्यावर तांब्या ठेवला. घड्याळ तांब्याशी टेकवलं. डाव्या हातानं तांब्याची मान धरली, जशी रोज लेकराच्या तोंडातली नळी धरायची. श्वास सोडला. उजव्या हातानं नळी आत सरकवली, ओढ सुरू करणारं भोक अंगठ्यानं दाबल्यासारखं केलं, बोटांत फिरवत हळूहळू वर ओढली. रोज करतो तसंच, न घाईनं, न रेंगाळत. नळी पूर्ण बाहेर आली, कळ आली, हवा आत घेतली. चोवीस. छे, उभं राहून आणि घाबरून केलं म्हणून असेल. पुन्हा केलं. पंचवीस. तिसऱ्यांदा तेवीस. ती चौथ्यांदा नळी घालणार होती, पण हात तांब्यापर्यंत गेला आणि थांबला. समोर तांब्या होता, पितळेचा, त्याला काही होणार नव्हतं. पण वॉर्डात चार नंबरच्या खाटेवर सोनम होती. तिनं नळी केराच्या डब्यात टाकली, मग उगीचच उचलून धुऊन ठेवली, मग पुन्हा टाकली. चहा न घेताच बाहेर पडली.

रिक्षात बसल्यावर सगळं एकेक करत आठवायला लागलं, आणि प्रत्येक गोष्ट आता वेगळीच दिसायला लागली. सोनम सहा वर्षांची. केम गावाच्या बाजूला मेंढरं रस्ता ओलांडत होती, ही पोर मागं राहिलेल्या कोकराला उचलायला वळली आणि मोटरसायकलनं उडवली. कोकराला खरचटलंसुद्धा नाही. हिच्या डोक्याला मार. मेंदूला सूज आली होती, आणि आतला दाब कळावा म्हणून डॉक्टरांनी कवटीतून केसाएवढी तार आत सोडली होती. तिचा आकडा खाटेवरच्या पडद्यावर दिसायचा. वीसच्या आत असला तर बरं. आज चौथा दिवस. पहिल्या सकाळी प्रभानं छाती साफ केली तेव्हा आकडा एकतीसवर गेला आणि अर्धा तास उतरेना. दुसऱ्या सकाळी तेहतीस. काल एकतीस. छातीत मात्र कफाचा थेंब नव्हता. "प्रभा सिस्टरनं साफ केलेली छाती म्हणजे आरसा," असं फिजिओथेरपीचा मुलगा म्हणाला होता, आणि तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं, म्हणजे नीट ऐकलं होतं. ऑक्सिजनचा आकडा कधी पडला नाही, कारण नळी घालण्याआधी दोन मिनिटं भरपूर ऑक्सिजन द्यायचाच असतो. म्हणून तर शंका आली नाही कुणाला. साध्या छातीच्या आजाराची मुलं तेवढं सोसून गेली असतील. पण सुजलेला मेंदू कसला सोसतोय! छातीतली हवा थांबली की तो आणखी रक्त मागतो, आणि कवटीत तर आधीच जागा नाही.

आणि श्रावणी! सव्वीस वर्षांची पोरगी, अशोक चौकाकडच्या विणकरांच्या घरातली, घरून फोन आला की तेलुगूत भरभर बोलणारी. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे एक डोळा ठेवून नळी घालायची आणि नऊ-दहाला बाहेर काढायची; कफ राहिला तर थांबून, ऑक्सिजन देऊन, दुसऱ्यांदा. परवा तिच्या हातून सोनमच्या छातीत घरघर राहिली होती, तेव्हा प्रभानं सगळ्यांसमोर तिला झाडलं होतं. "घड्याळ बघून नर्सिंग करायचं असेल तर स्टेशनवर नोकरी कर. अर्धवट काम माझ्या वॉर्डात चालणार नाही." श्रावणीचे डोळे भरून आले होते. आणि गोजाबाई, सोनमची आजी? आई तान्ह्या बाळाला घेऊन कळपाजवळ थांबलेली, म्हणून खाटेशी दिवसभर ही आजीच बसायची. वयानं प्रभाएवढीच असेल, पण उन्हानं आणि चुलीच्या धुरानं सत्तरची दिसणारी, दोन वाक्यं बोलली की तिला दम लागायचा. दुसऱ्या दिवशी तिनं प्रभाचं काम टक लावून बघितलं आणि म्हणाली, "बाई, आमी बी असंच करतो की. कोकरू जलमलं अन् नाकात चिकटा अडकला, की तोंड लावायचं, वढायचं, थुकायचं. पर जरासंच वढायचं. लई वेळ वढलं तर कोकरू गार पडतंया." प्रभा हसली होती. गोजाबाई थांबली नव्हती. "ती बारकी शिस्टर लगीच सोडती. तुमी लई वेळ धरता." त्यावर प्रभा काय म्हणाली होती? "आजी, हे हॉस्पिटल आहे, मेंढवाडा नाही." रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, "ताई, सात रस्ता आला, हॉस्पिटलच्या आत घेऊ का?" तेव्हा कुठं तिला उतरायचं आहे ते कळलं.

श्रावणीची पाळी संपत आली होती. तिनं कागद पुढे केला, आणि प्रभाकडे न बघता सांगायला लागली: रात्रभरात चार वेळा कफ काढला, दाब एकवीसच्या वर गेला नाही, लगेच उतरला. प्रभानं मागचे कागद उलटले. आकडे तिथंच होते, कुणी लपवले नव्हते. दुपारी वीस, बावीस. रात्री एकवीस. सकाळी आठ ते दोन, तिची पाळी, एकतीस, तेहतीस, एकतीस. तिच्याच हातानं, तिच्या वळणदार अक्षरात लिहिलेले. गुरुजींची मुलगी, अक्षर कसं चांगलं असणारच! बघणाऱ्या प्रत्येकाला वाटलं, सकाळी चादर बदलतात, अंग पुसतात, रक्त काढतात, म्हणून उसळत असेल. तिलाही तसंच वाटलं होतं. तेवढ्यात डॉक्टर हृषीकेश आले. तरुण माणूस, दोन रात्री नीट झोपलेला नसावा. त्यांनी सोनमच्या पापण्या वर करून बॅटरीचा उजेड टाकला, कागद बघितले, आणि म्हणाले, "औषधं वाढवून झाली, सिस्टर. तरी रोज तीस ओलांडतोय. आता वाट बघण्यात अर्थ नाही. बाराला ऑपरेशनला घेऊ. उजव्या बाजूचं हाड काढून ठेवू, मेंदूला फुगायला जागा होईल. आजींचा अंगठा घ्या." आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

प्रभाच्या हातात संमतीचा कागद आणि शाईचा डबा. गोजाबाईनं अंगठा आधीच पुढे केला होता. "डोकं फोडणार व्हय?" ती म्हणाली. "फोडू द्या. पर पोर उठंल न्हवं?" प्रभानं डबा उघडला. मनात मात्र एक वाट सरळ दिसत होती, अगदी झाडून ठेवलेली. आता आठच्या पाळीला आपणही घड्याळ बघून नऊला नळी काढायची. दाब चढणार नाही. डॉक्टर बघतील, म्हणतील, अरे वा, आज सुधारणा आहे, थांबू. कुणाला काही कळणार नाही. कुणाचं काही बिघडणार नाही. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. आरसा आरसाच राहील. पण डॉक्टर असं म्हणतीलच कशावरून? एका वेळच्या आकड्यावर विसंबून ते तीन दिवसांचे आकडे कसे सोडतील? ते म्हणतील, आज नशीब, उद्या पुन्हा उसळेल, घ्या आत. आणि मग त्या सहा वर्षांच्या डोक्याचं हाड निघेल ते आपल्या गप्प बसण्यामुळं. प्रभानं डब्याचं झाकण लावलं. आपण कुणाशी तरी बोलायचं ठरवतोय हेच तिला नवीन होतं. कित्येक महिन्यांत ड्यूटीबाहेरचं वाक्य ती कुणाशी बोललीच नव्हती.

"डॉक्टर, सकाळचा दाब माझ्यामुळं चढतोय." ते वळले. श्रावणी खांद्याला पर्स लावून निघालेली, तीही दारात थांबली. प्रभानं सगळं सांगितलं. काशम्मा, श्वास, अकरा, योगवर्ग, तांब्या, चोवीस. सांगताना तिला स्वतःचीच कीव येत होती. असल्या गोष्टी कुणी वॉर्डात उभं राहून सांगतं का! डॉक्टरांनी हातातली बॅटरी खिशात ठेवली. मग म्हणाले, "घड्याळ का नाही बघितलं, सिस्टर?" "तीस वर्षांत बघावं लागलं नाही." "आठ महिन्यांत लागलं असतं." "हो." "आणि आठ महिन्यांतली बाकीची मुलं?" ते प्रश्न विचारून थांबले नाहीत, पण प्रश्न तिथंच थांबला, तिच्या आणि खाटेच्या मध्ये. "लिहून द्यावं लागेल," ते म्हणाले. "जुने कागदही बघावे लागतील." "बघा. मी देते लिहून." ते पडद्याजवळ गेले, सकाळचे आणि रात्रीचे आकडे बोटानं जुळवून पुन्हा पुन्हा बघितले. "ऑपरेशनची तयारी तशीच चालू राहू दे. पण एकदा मला डोळ्यांनी बघायचंय. छातीत घरघर आहेच. आता कफ काढा. तुम्हीच काढा, तोच हात, फक्त वेळ दहाच्या आत. श्रावणी सेकंद मोजेल." प्रभा श्रावणीकडे वळली. "परवा मी तुला बोलले ते चूक होतं. सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोर सांगते." श्रावणी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "राहू द्या की, सिस्टर," आणि पर्स टेबलावर ठेवून आत आली.

गोजाबाईला एवढंच कळलं होतं की काहीतरी बिनसलंय. तिनं डोक्यावरचा पदर मागं-पुढं केला. प्रभा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. सोपं करून सांगायचा प्रयत्न केला, आणि सांगता सांगता लक्षात आलं की हिला सोपं करून सांगायची गरजच नाही, ही आधीपासून जाणत होती. "आजी, मी नळी जास्त वेळ ठेवत होते. माझा श्वास मोठा झाला आणि मला कळलं नाही. सोनमच्या डोक्यातला दाब त्यानंच चढत होता." गोजाबाई तिच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग असता तर प्रभाला सोपं गेलं असतं. "म्या सांगितलं हुतं की तुमाला," ती म्हणाली. एवढंच. माफ केलं, असंही नाही, आणि शिवीही नाही. प्रभाला वाटलं, इथून कुठंतरी निघून जावं, त्या दोन खोल्यांत जाऊन दार लावून घ्यावं. पण सोनमच्या छातीतली घरघर वाढली होती आणि यंत्र टुकटुक करायला लागलं होतं. तिनं हात धुतले, हातमोजे चढवले. श्रावणीनं झोपेचं औषध दिलं, ऑक्सिजन वाढवला. दोन मिनिटं. डॉक्टर पडद्यापाशी. आकडा अठरा.

नळी हातात घेतली आणि प्रभाचा हात अडला. तीस वर्षांत अडला नव्हता तो! श्वास सोडू की नको, तिला कळेना. सोडला तर छाती पुन्हा तिचीच, लबाड, निवांत, चोवीसपर्यंत गप्प बसणारी. न सोडला तर काय धरून काम करायचं? "श्रावणी मोजतेय, सिस्टर, करा," डॉक्टर म्हणाले. ते तिला ऐकू आलं, पण हात पुढे जाईना. तेवढ्यात गोजाबाई उठली. खाटेला वळसा घालून प्रभाच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. "मोज्याला हात लावू नका, आजी," श्रावणी म्हणाली. "न्हाय लावत." तिनं प्रभाचा दंड धरला, कोपराच्या वर, मोज्यापासून लांब. खरबरीत, गरम हात. त्याला लोकरीचा आणि तंबाखूचा वास होता. "तुमचा श्वास ऱ्हाऊ द्या बाजूला," गोजाबाई म्हणाली. "माजा धरा. माजा कुटं टिकतोय! सपला की मी दाबती. मग सोडा." डॉक्टरांनी हातानंच 'करा' अशी खूण केली. प्रभाच्या कानाशी एक लांब उच्छ्वास झाला, धुरानं खाल्लेल्या छातीतला, शिट्टी वाजल्यासारखा, आणि मग तो थांबला.

नळी आत गेली. यंत्राचा ओढण्याचा आवाज, पारदर्शक नळीतून वर चढणारा पिवळट कफ, सोनमच्या ओठांच्या कोपऱ्यात चिकटपट्टीची सुटलेली कड. प्रभाला सगळं लख्ख दिसत होतं आणि स्वतःच्या छातीतून काहीही ऐकू येत नव्हतं. दंडावरचा हात हळूहळू ताठ होत गेला. श्रावणी मागून सावकाश मोजत होती, "सहा... सात... आठ..." आणि बोटं रुतली. घट्ट, अगदी दुखेपर्यंत. साकू! तिनं नळी बाहेर काढली. गोजाबाईनं हावरटासारखी हवा आत घेतली आणि तिला खोकल्याची उबळ आली, आणि त्याच क्षणी खाटेवरची सोनम खोकली. खोकली म्हणजे काय, छाती वर उचलली गेली, चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा ताणल्या. चार दिवसांत ती असं खोकली नव्हती. आकडा एकोणीस, एकवीस, चोवीस. प्रभानं पडद्यावरून नजर हलवली नाही. चोवीस. तेवीस. श्रावणीनं ऑक्सिजन तसाच चालू ठेवला. एकवीस. मिनिटभरात अठरा. "खोकला आला, चांगली खूण आहे," डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, आणि मग मोठ्यानं, "बाराचं नको. थांबू या. संध्याकाळपर्यंत प्रत्येक वेळचा आकडा आणि सेकंद, दोन्ही लिहा." त्यांनी संमतीचा कोरा कागद उचलून फायलीत मागं सरकवला. गोजाबाई अजून धापा टाकत होती. दंड सोडायचं तिच्या लक्षात राहिलं नव्हतं, आणि प्रभानंही सांगितलं नाही. "पुन्ना कवा?" गोजाबाईनं विचारलं. "घरघर ऐकू आली की," प्रभा म्हणाली. "मग मी हितंच हाय."

दोनला पाळी संपली. प्रभानं दोन पानं लिहून दिली, त्याच वळणदार अक्षरात, आणि खाली सही केली. घरी आली, भाकरी खाल्ली. दंडावर चार बोटांचे वळ उठले होते, संध्याकाळी निळे पडले. वडिलांचं घड्याळ तिनं मांडीवर घेतलं नाही. बाकीच्या मुलांची नावं एकेक करून आठवायला लागली. काही आठवली, काही आठवली नाहीत, आणि न आठवलेल्यांचंच जास्त वाईट वाटलं. त्या कागदांतून काय निघेल ते निघेल. सांगून काही हलकं वगैरे झालं नव्हतं. आठच्या सुमाराला तिनं वॉर्डात फोन लावला, वैयक्तिक कामासाठी कधी लावत नसे तो, आणि श्रावणीनं उचलला. "एकवीसच्या वर नाही गेला, सिस्टर," ती म्हणाली. आणि पुढं, "आजी विचारत होती, ती लांब श्वासवाली बाई उद्या येणार हाय का."

सकाळी ती वर्गाला गेली. जावं की नाही ह्यावर बराच वेळ उंबऱ्याशी घोटाळली, पण गेली. शिवराज सरांनी मोबाइल काढला. "काल बत्तीस झाले, आज बघू या प्रभाताई चाळिशी गाठतात का!" सगळ्यांनी डोळे मिटले, श्वास बाहेर सोडले. हॉलमध्ये पंखा तेवढा फिरत होता. आत नेहमीची शांतता पसरायला लागली, ओळखीची, कमावलेली, आणि छातीत घाई म्हणून नव्हती. मग कोपराच्या वर, निळ्या वळावर, कुणीतरी घट्ट दाबल्यासारखं झालं. प्रभानं तोंड उघडून हवा आत घेतली. आवाज एवढा मोठा झाला की शेजारच्या बाईनं एक डोळा उघडून बघितलं. "आठ?" शिवराज सर वहीवरून मान वर करत म्हणाले. "अहो, काय झालं प्रभाताई? बरं नाही का?" टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. तिनं सतरंजी गुंडाळली, चपला घातल्या. अजून सातही वाजले नव्हते, पण गोजाबाई एकटीच बसली असेल.